जब्बारचे चोवीस सेकंद

३ जानेवारी, सकाळी ६.४०
नवी डायरी. पेन्शनर संघाची. पहिल्याच पानावर अध्यक्षांचा हार घातलेला फोटो होता, ते पान फाडून टाकलं. ही डायरी फक्त माझ्यासाठी. प्रतिमाच्या हाती लागू नये म्हणून खो-खोच्या नियमांच्या फाइलमागे ठेवणार. त्या फाइलला तीस वर्षांत बायकोनं हात लावलेला नाही.

तब्येत फर्स्ट क्लास. वय ६८, पण बघणारा साठीच्या पुढे जात नाही. रात्री पाच वेळा उठलो, ते थंडीमुळे. अमडापुरात यंदा थंडी जास्तच आहे.

मुख्य बातमी: गावच्या बैलांच्या शंकरपटाला परवानगी आली. रविवार, ८ फेब्रुवारी. घड्याळावर अर्थातच मी. बंदीची वर्षं सोडली तर हे माझं अठरावं वर्ष. शाळेत पी.टी. शिकवण्यात आयुष्य गेलं, पण गावात मला वानखडे सर कोणी म्हणत नाही, घड्याळवाले सर म्हणतात. जब्बारची झेंडी पडली, बैलजोडी सुटली, की माझं बटण. पट्टीच्या शेवटी बांधलेला दोरा तुटला, की पुन्हा बटण. ६.८२ म्हणजे ६.८२. आमदाराचा मेहुणा आला तरी ६.८१ होत नाही.

मचाणावर मी एकटा. शेवटची जोडी पळेपर्यंत घड्याळवाला खाली उतरणार नाही, हा नियमही माझाच. जुना घड्याळवाला एकदा चहा प्यायला उतरला, तेवढ्यात कोणीतरी बटण दाबलं आणि दोन गावांची डोकी फुटली. तेव्हापासून नियम लेखी आहे. खाली माझी सही.

जब्बारनं दिवाळीत प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घेतलं. टेलर माणूस. दुकानात येईल त्याला सांगतो. पँटचं माप घेता घेता सांगतो. माणसाला काही लाज असावी की नाही?

५ जानेवारी, सकाळी ७.३०
मॉर्निंग वॉक. जब्बार सोबत. परत येताना जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीमागे मी थांबलो, तोही थांबला. स्टॉपवॉच गळ्यात असतंच. सवयीनं बटण दाबलं गेलं. उभं राहिल्यापासून पँटचं बटण लागेपर्यंत, असा नियम धरला.

जब्बार: २४.३० सेकंद. आणि तेही एका हातात मोबाइल, तोंडानं शिट्टी!

मी: १ मिनिट ५२ सेकंद. त्यातले पहिले चाळीस सेकंद नुसताच उभा. मग थोडं. मग थांबलं. मग पुन्हा थोडं, जणू उपकार. जब्बार पुढे जाऊन रस्त्यावर उभा. म्हणाला, सर, आरामात होऊ द्या, काई घाई नाई.

आरामात होऊ द्या! मला! अख्ख्या तालुक्याचे सेकंद मोजणाऱ्या माणसाला!

दिवसभर विचार केला. ऑपरेशन करून मिळवलेला वेग हा वेगच नव्हे. बैलाला इंजेक्शन देऊन पळवला तर आपण जोडी बाद करतो. हे तेच. मला हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

६ जानेवारी
ट्रेनिंग सुरू. ३० सेकंदांच्या आत यायचं, तेही ८ फेब्रुवारीपूर्वी. ऑपरेशनशिवाय. नॅचरल. संध्याकाळी चारनंतर पाणी बंद. पोटाचे व्यायाम दोनदा. बाथरूममध्ये घड्याळ नेणार.

पहिला प्रयत्न १.४८. दुसरा २.०३. तिसऱ्याला प्रतिमानं दार वाजवलं, आत काय परीक्षा चालू आहे का म्हणाली. तो धरला नाही.

९ जानेवारी
जब्बारच्या दुकानात गेलो. पटासाठी नवी पँट. बटणाच्या जागी इलॅस्टिक लाव म्हणालो. हल्ली फॅशन आहे, आमचा मुलगा चिन्मय पुण्यात तशाच घालतो. जब्बारनं टेप गळ्यात घातली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग हळूच म्हणाला, सर, रात्री किती वेळा उठता?

म्हटलं, कोण, मी? एकदाही नाही. आडवा झालो की सकाळ.

हाव का, म्हणाला, आणि वहीत माप लिहिलं. दुकानात इलॅस्टिकची गुंडाळी समोरच होती, कोणीतरी आधीच काढून ठेवल्यासारखी. त्याची ही मुकाट्यानं समजून घेण्याची सवय मला आवडत नाही.

(काल रात्री: सहा.)

१२ जानेवारी, रात्री ९
पट कमिटीची मीटिंग. सागर यंदा अध्यक्ष. वय बत्तीस, मिशी मोठी. म्हणाला यंदा जोड्या चौसष्ट आहेत, पाच-सहा तास सलग जातील. मी म्हटलं, मग?

मीटिंगमध्ये दोनदा बाहेर जावं लागलं. फोन आला म्हणून सांगितलं. फोन टेबलावरच राहिला होता, हे दुसऱ्यांदा परत आल्यावर लक्षात आलं. तेवढ्या वेळात ठराव होऊन गेलेला: जब्बारचाचा राखीव घड्याळवाले. सरांना काही अडचण आली तर. आणि सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

सत्कार कधी करतात हे मला माहीत आहे. माणूस काढून टाकायचा असला की करतात.

जब्बार हात जोडून म्हणाला, मी कायले, सर आहेत ना, माही झेंडीच बरी. पण नाही म्हणाला का? ठाम? नाही म्हणाला. अठरा वर्षं दुसऱ्या टोकाला उभं राहून याचा डोळा माझ्या मचाणावर होता, आज कळलं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ. शाहजादी भाभी येऊन गेल्या, जब्बारची बायको. त्या गेल्यावर प्रतिमा भांडी विसळता विसळता बोलत सुटली. म्हणे जब्बारभाई आता पुरी रात झोपतात. म्हणे भाभीसुद्धा पुरी रात झोपतात. म्हणे दोघं एसटीनं थेट धामणगाव बढेला जाऊन आले, गाडी कुठेच थांबवायला लागली नाही.

मग हात पुसून म्हणाली, माझं माहेर जळगाव जामोद. तीन वर्षं झाली, तुम्ही नेलं नाही. भाचीचं लग्न गेलं, बारसं गेलं. दर वेळी तुम्ही म्हणता रस्ता खराब आहे. अहो, त्याच रस्त्यानं साऱ्या जगाच्या गाड्या जातात.

मी म्हटलं, रस्ता खराबच आहे. खामगावच्या पुढे तर विचारू नको.

ती म्हणाली, मी रस्त्याबद्दल बोलून नाही राह्यली.

प्रतिमा चिडली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते. तिळगूळ न खाता झोपली. जब्बारचं नाव माझ्याच घरात इतक्या कौतुकानं घेतलेलं मी यापूर्वी ऐकलं नव्हतं. 'जब्बारभाई झोपतात.' झोपणं हे काय कर्तृत्व आहे? म्हैसही झोपते.

१७ जानेवारी
मला न विचारता अपॉइंटमेंट. चिखली. मंगळवारी अकरा वाजता. आणि डॉक्टर कोण? शौनक! आमच्या शाळेचा, २००३ची बॅच. शंभर मीटर: १९.४ सेकंद. मुलींच्या मागून यायचा. मी मैदानाच्या कडेनं ओरडायचो, जोर लाव बे, जोर लाव! तो आता लघवीचा स्पेशालिस्ट आहे म्हणे. असेल. पळायला येत नाही म्हणून काहीतरी करावंच लागतं.

जातो. फक्त प्रतिमाच्या समाधानासाठी. आणि एक कारण आहे: तिथे मशीन असतं. मशीनवर वेळ काढतात. जब्बारनं त्याच मशीनवर काढली होती. होऊन जाऊ दे.

२० जानेवारी, संध्याकाळी
दिवस सविस्तर लिहिण्यासारखा.

रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं, पाणी प्या, जोराची लागू द्या, मग मशीनमध्ये करा. इथं अनुभव कामी आला. अठरा वर्षं पट पाहतोय. भरल्या पोटाची जोडी कधी पळते का? जोडी हाकणारा धुरकरी बैलांना आदल्या रात्री हलकंच खायला देतो. मी पाणी प्यालो असं दाखवलं, कुंडीतल्या झाडाला घातलं, आणि गुपचूप मागच्या संडासात जाऊन पूर्ण रिकामा होऊन आलो. साडेतीन मिनिटं लागली, पण ती हिशेबात नाहीत.

मग मशीन. खाली नरसाळं, बाजूला कॉम्प्युटर. उभा राहिलो, मनात जब्बारची झेंडी पाडली.

४.१ सेकंद!

चार पूर्णांक एक! जब्बारचे चोवीस कुठे, माझे चार कुठे! बाहेर येऊन प्रतिमाला हातानंच चार दाखवले. तिला वाटलं डॉक्टरनं चार गोळ्या दिल्या.

शौनकनं कागद पाहिला. टक्कल पडायला लागलंय त्याला. म्हणाला, सर, ही टेस्ट धरता येत नाही. निदान पाण्याच्या ग्लासाएवढी तरी लघवी हवी. ही चमचाभर आहे. चाचणी रद्द. पुन्हा करू.

मी म्हटलं, वेळ तर चांगला आहे ना?

तो म्हणाला, सर, यात वेळेचा नंबर नसतो. धार किती जोरात आहे ते बघतात.

पाणी पाजलं, तासभर बसवलं, पुन्हा मशीनसमोर. मी जोर लावत होतो. दाराबाहेरून शौनकचा आवाज: सर, जोर लावू नका. जोर नका लावू, सर. माझ्याच मैदानावरचं माझंच वाक्य, उलटं करून. आकडा लिहीत नाही.

सोनोग्राफी. ग्रंथी वाढलीय म्हणाला. साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची असते, माझी शहाऐंशी. करून झाल्यावरही बरीच लघवी आत साचून राहते. रक्त तपासलं, त्यात भीतीचं काही दिसत नाही. वयानुसार वाढते, म्हणाला, निम्म्या म्हाताऱ्यांची वाढते, तुम्ही तीन वर्षं उशिरा आलात. मी विचारलं, जब्बारची किती होती? दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही म्हणाला. पण जब्बारनंच दुकानात साऱ्यांना सांगितलंय. बासष्ट.

८६ विरुद्ध ६२. हे त्यानं लक्षात ठेवावं.

रोज एक गोळी दिली, रात्री झोपताना. फरक नाही पडला तर दुर्बिणीतून ऑपरेशन, बाहेर टाका नाही. शिवाय लघवी रोखून धरू नका, आणि मला विचारल्याशिवाय सर्दीची गोळी घेऊ नका, त्यानं एकदम बंद पडू शकते. सर्दी नाकात. हे खाली. काय संबंध? सायन्सला तो कच्चाच होता.

२५ जानेवारी
१.१० मिनिटं! रात्री फक्त तीनदा. ट्रेनिंगचा परिणाम. पोटाचे व्यायाम वाढवले. गोळी चालू आहे पण ती आपली नावाला.

२७ जानेवारी
गोळी बंद. मेडिकलवर पाकीट घेताना शेजारी जब्बार उभा. पाकीट पाहिलं आणि ओळखीचं हसला. म्हणाला, हीच मले बी होती, सर. चांगली हाय, सोडू नका.

त्याची उष्टी गोळी मी खायची? पैसे देऊन बाहेर आलो. पाकीट तिथेच राहिलं. आता गोखरूचा काढा सुरू, बनाबाईनं सांगितला. बनाबाई आमच्याकडे भाकऱ्या करायला येतात. त्यांच्या सासऱ्यांना लागू पडला होता. सासरे आता नाहीत, पण ते वेगळ्या कारणानं.

२९ जानेवारी
१.३९. काढ्यानं जास्तच लागते पण होत नाही. आठ वेळा. प्रतिमा उशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. तिला म्हटलं थंडी आहे, इथेच झोप. तिनं दार लावून घेतलं.

२ फेब्रुवारी
सर्दी. शिंका. संध्याकाळी जब्बार घरी आला, नवी पँट घेऊन. इलॅस्टिक नीट बसवलंय, वरून खोटी बटणंही लावलीत. कोणाला कळणार नाही. बटणं मी मागितली नव्हती.

प्रतिमा चहा टाकायला गेल्यावर खुर्ची जवळ ओढून म्हणाला, सर, वाईट नका वाटू देऊ. मीबी दोन वर्षं लपवलं. मंग एक दिवस पुरी बंद झाली. सर, मले पोरांचे चेहरे दिसाले लागले, एवढं दुखे. तुमी पटाच्या दिवशी वर नका बसू. एकच साल. पुढच्या साली तुमचंच हाय.

वा! म्हणजे आलंच ना बाहेर? 'वर नका बसू.' पँट घेऊन आला ती खुर्ची घेऊन जायला. मी म्हटलं, जब्बार, तुझी झेंडी सांभाळ. घड्याळ माझं आहे.

त्याचं तोंड पडलं. चहा न घेताच उठला. गेला तर गेला. पँटचं मात्र माप चोख.

मला त्याचा हेवा वाटतो असं प्रतिमा म्हणते. कसला हेवा? झोपेचा? धारेचा? शिट्टीचा? माणूस शिट्टीचा हेवा करत असतो का?

(बाथरूममध्ये शिट्टी वाजवून पाहिली. एका वेळी दोन्ही जमत नाही.)

७ फेब्रुवारी, रात्री ९.३०
मचाणावर शिंक आली तर बटण चुकीचं दाबलं जाईल. म्हणून मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, आत्ता एक. उद्या सकाळी आणखी एक घेणार. नाक कोरडं ठणठणीत.

आणि आजचा चमत्कार: दुपारपासून जवळपास लागलीच नाही! चार वाजता गेलो, थेंबभर, बस. पाणी बंद केल्याचा परिणाम. शरीर ताब्यात येतं, फक्त इच्छाशक्ती लागते. शौनकला फोन करून सांगावंसं वाटलं, पण सायन्सचा विषय निघेल.

८ फेब्रुवारी, पटाचा दिवस
पहाटे ५. रात्री एकदाच उठलो. एकदाच! आणि तेव्हाही काही आलं नाही. म्हणजे साचतच नाही. ट्रेनिंग पूर्ण. डायरी खिशात घेऊन जातोय, ऐतिहासिक दिवस आहे.

९.५०. मचाण. खाली माणसांचा समुद्र. समोरच्या टोकाला जब्बार, हिरवी टोपी, लाल झेंडी. मला पाहून झेंडी वर केली. मी नाही केला हात.

११.४०. सव्वीस जोड्या झाल्या. चांगला वेळ ६.७४. लागलेली नाही.

१२.५५. एकोणचाळीस. पोटात थोडा ताण. सकाळची उसळ.

१.३०. सेहेचाळीस. लागल्यासारखं. होईल सहन. नियम म्हणजे नियम.

१.५५. पोट दगड. घाम. सागर खालून विचारतोय, सर, बरं आहे ना? उन्हामुळे म्हटलं. त्यानं वर पाहिलं. आभाळ आलंय.

२.१०. जोडी नं ५२ जाकीरची, धामणगाव बढे. फार नावाजलेली. आता झेंडी पड

११ फेब्रुवारी, चिखली, दवाखाना
बसता येतंय. लिहितो.

झेंडी पडली. मी बटण दाबलं. जाकीरची जोडी वाऱ्यासारखी आली, दोरा तुटला, लोक ओरडले. मी दुसरं बटण दाबलंच नाही. मी मचाणाच्या बांबूला दोन्ही हातांनी धरून वाकलो होतो. घड्याळ चालूच. कोणीतरी नंतर पाहिलं तेव्हा त्यावर ४ मिनिटं ३७ होतं. जिल्ह्यातली सर्वांत वेगवान जोडी, माझ्या घड्याळावर चार मिनिटं सदतीस.

उतरलो. माझाच नियम मोडून, चौघांच्या खांद्यावरून. मचाणामागे नेलं, पडदा धरला. काहीही नाही. एक थेंब नाही. लोक काय हसले असतील, पण मला ऐकूच आलं नाही. एवढं दुखतं हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. जब्बारनं सांगितलं होतं.

तोच आला. पट्टीच्या त्या टोकापासून पळत आला, दिवाळीत ऑपरेशन झालेला माणूस, झेंडी हातात तशीच. सागर म्हणाला, चाचा, तुम्ही घड्याळावर बसा, सरांना दुसरं कोणी नेईल. जब्बार म्हणाला, घड्याळ गेलं चुलीत. आणि मला जाकीरच्या पिकअपमध्ये घातलं. बैलांच्या गवतावर. चिखलीपर्यंत माझं डोकं त्याच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडायचो आणि तो ड्रायव्हरला शिव्या द्यायचा.

शौनकनं नळी घातली. जे वाटलं ते लिहिता येत नाही. सगळं पाणी निघालं तेव्हा मी रडत होतो आणि शौनकचे हात धरून म्हणत होतो, शाब्बास, शाब्बास. सव्वा लिटर निघालं. तो म्हणाला, सर, काही घेतलं होतं का? सर्दीची गोळी म्हणालो. तो काही बोलला नाही. मीही त्याच्या शंभर मीटरच्या एकोणीस पूर्णांक चारला कधी काही चांगलं बोललो नव्हतो.

मला वाटत होतं जब्बारला घड्याळ हवंय. मिळत होतं, तर सोडून आला. मग माझ्या इतक्या दिवसांच्या जळण्याचं करायचं काय? हो, जळत होतो. लिहून टाकलं. त्याच्या झोपेवर, शिट्टीवर, बायकोसोबतच्या एसटीच्या प्रवासावर.

१४ फेब्रुवारी
ऑपरेशन काल झालं. कमरेत इंजेक्शन, खालचं काही कळत नाही. दुर्बिणीतून कोरून काढलं. तुकडे तपासायला गेलेत, शौनकला काळजी वाटत नाही. नळी अजून आहे, बाजूला थैली लटकते, त्यात लालसर पाणी. ते उतरेल म्हणाला.

जब्बार आला. थैलीला खोळ शिवून आणली. माझ्याच इलॅस्टिकवाल्या पँटच्या उरलेल्या कापडाची, वर नाडी. म्हणाला, पाहणाऱ्याले वाटल पाण्याची बॉटल हाय. प्रतिमा हसली. वर्षात पहिल्यांदा तिला अशी हसताना पाहिलं, आणि ते जब्बारमुळे. थोडं लागलं. पण थोडंच.

२२ फेब्रुवारी
घरी. नळी निघाली. पहिले दोन दिवस जळजळ, धावपळ, एकदा वाटेतच. शौनक म्हणतो होतं, थांबेल. जड उचलायचं नाही. घड्याळ कपाटात आहे. बघणार नाही असं ठरवलंय.

२३ फेब्रुवारी
बघितलं. ३८.

८ मार्च
तुकड्यांचा रिपोर्ट चांगला. पाच दिवस झाले, रात्री एकदाच. प्रतिमा परत आमच्या खोलीत.

सागर सांगून गेला, पुढच्या वर्षीपासून सेन्सर बसवणार. बैल आडवा गेला की वेळ आपोआप. मचाणावर माणूस नको. सेन्सरला लघवी लागत नाही, असं कमिटीत कोणीतरी म्हणालं म्हणे. सगळे हसले म्हणे. सत्कार मात्र नक्की.

ठीक आहे. पण एक हिशेब बाकी आहे. आज सकाळी: २५.८०. दीड सेकंदानं मागे! ऑपरेशन मीही केलं, डॉक्टर तोच, मशीन तेच, तरी हा दीड सेकंद पुढे. का? ट्रेनिंग वाढवायला हवं. १५ मार्चपर्यंत २४ च्या आत येणार. नॅचरल... म्हणजे ऑपरेशननंतरचं नॅचरल.

१५ मार्च, सकाळी ७.४५
२३.९०!!

जिनिंगच्या भिंतीमागे, अधिकृत ठिकाणी. जब्बार शेजारीच होता. राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं: ५ जानेवारी, त्याचे २४.३०, माझं ट्रेनिंग, आणि आज मी त्याला हरवलं हे. घड्याळ दाखवलं.

त्यानं घड्याळ हातात घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून आकडा पाहिला. मग म्हणाला, सर, घड्याळ टिक वाजलं तवाच मले समजलं होतं तुमी मोजून राह्यले. पर त्या दिवशी मले लागलीच नव्हती. घरून निघतानाच जाऊन आलो होतो. मी नुसता उभा होतो.

मी विचारलं, काऊन?

तो म्हणाला, ऑपरेशनच्या आधी मी याच भिंतीमागं एकटा उभा राहू, दोन-दोन मिनिटं. लोकं मागून हासत जात. तुमाले एकटं वाटू नये म्हणून थांबलो. मंग शाहजादीचा फोन आला, म्हणून निघालो. नाईतर तुमचं होयेपर्यंत उभा राह्यलो असतो.

आणि घड्याळ परत देऊन शिट्टी वाजवत पुढे चालायला लागला.

घरी येऊन डायरी काढली. ५ जानेवारीच्या पानावर २४.३० खोडलं. बाजूला लाल पेननं लिहिलं: लघवी नाही. चाचणी रद्द.

म्हणजे दोन महिने मी एकटाच पळत होतो.

परवा जळगाव जामोद. प्रतिमानं तिकिटं काढली, चार. जब्बार आणि शाहजादी भाभीही येतायत. तिनंच बोलावलं. खिडकीची सीट त्याला दिली आहे म्हणे.